सदाचार नगरातली पाचवी

“आई, इथं नाही,” मल्हारी म्हणाला, आणि म्हणायच्या आधी त्यानं उठून खिडकी लावून घेतली.

मी एवढंच म्हटलं होतं, की आज पोरीची पाचवी आहे, कामावरनं येताना पावशेर मटण आण.

“इथं न्हाई तर कुठं? बाळंतीण जिथं, सटवाई तिथं,” मी म्हटलं.

“पुरण घाल. खीर कर. लोक काय काय करतात. ढवळेकाकूंनी नातवाच्या पाचवीला भरल्या वांग्याचा नैवेद्य दाखवला होता, सगळ्या कॉलनीला माहीत आहे.”

“त्यांची सटवाई वांगं खात आसंल. आपली न्हाई खात.”

“हळू बोल.”

“माझ्या घरात मी हळू बोलू?”

“हळूच बोलावं लागतं, आई. भिंतीला भिंत आहे.”

आतल्या खोलीत माझी सून सारिका बाजेवर पडली होती. पोर कुशीत. सारिकाला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याच घरी. आतून बाज करकरली, म्हणजे ती ऐकत होती.

घर खरंच माझं होतं. बाईच्या नावावर घेतलं की सरकारी खर्च थोडा कमी येतो, म्हणून मल्हारीनं ते माझ्या नावावर केलं. सही मी केली. मी अक्षर शिकले ते केस पिकायला लागल्यावर, तेलाच्या गिरणीत कामाला होते तेव्हा, संध्याकाळच्या वर्गात. त्यामुळे कागद समोर आला की मी तो सगळा वाचते. घाई केली तरी वाचते. त्या कागदात एक ओळ होती, की या वास्तूत मांसाहार आणला वा शिजवला जाणार नाही. बोट ठेवून वाचली आणि खाली नाव लिहिलं. मला त्यात काही अडचण दिसली नाही. नवरा गेल्यापासून मी फारसं खातही नव्हते. देवीच्या पानाचा विचार मनाला शिवला नाही, कारण देवीचं पान कुणी आहारात धरतं का? आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात खाणं वेगळं आणि देणं वेगळं.

हे सदाचार नगर बार्शीच्या बाहेर, कुर्डुवाडीच्या रस्त्याला. एकासारखी एक घरं, प्रत्येकाच्या दारात एकासारखं तुळशीवृंदावन, बाकी सगळीकडे फरशी. चारी बाजूंनी भिंत आणि एक गेट. मल्हारी तेव्हा इलेक्शनच्या कामात पुरता शिरला होता. आमच्या जुन्या गल्लीत अर्धी माणसं एका पक्षाची, अर्धी दुसऱ्याची. कोपऱ्यावर दारूचं दुकान, वर भाड्याच्या खोलीत बिनलग्नाचं एक जोडपं, रोज कुणाचं तरी कुणाशी भांडण. मल्हारी म्हणायचा, “आई, माणसानं आपल्या विचारांच्या माणसांत राहावं. पोरं तिथं वाढवावीत.” मला ते पटलं. अजूनही त्यातलं पुष्कळ पटतं. इथं बाईमाणूस कधीही निर्धास्त ये-जा करतं. रोज आरती होते. घर देण्याआधी कमिटीनं आम्हाला चहाला बोलावलं, घरात कोण कोण, देव कुठला, मतं काय, सगळं विचारलं. मल्हारीनं अशी उत्तरं दिली की वर्षभरात त्यालाच सेक्रेटरी केला.

म्हणून तर अडचण होती.

दोन महिन्यांपूर्वी सात नंबरच्या भाडेकरूंच्या कचऱ्यात अंड्याची टरफलं निघाली. कचरा वेगळा करणाऱ्या बाईनं ती पेपरवर मांडून दाखवली. मल्हारीनं त्या नवरा-बायकोला खोली सोडायला लावली. त्यानंतर गेटवर पिशव्या बघायचा नियम केला, तोही त्यानंच.

“मीच सेक्रेटरी,” तो आता पाय आपटत म्हणाला. “माझ्याच घरात सापडलं तर? उठवतील आपल्याला. जुनी खोली कधीच सोडली. पाच दिवसांच्या पोरीला घेऊन कुठं जायचं?”

“आणि न्हाई केलं तर?”

“काय होतंय?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला माहीत होतं. त्याच्या आधीचा पोरगा मला मेंढरांच्या तळावर झाला. त्याच्या पाचवीच्या दिवशी तळ हलला. आम्ही चालत होतो. पाटा मांडला नाही, पान ठेवलं नाही. सासू म्हणाली, पुढच्या मुक्कामाला करू. तो बारसं व्हायच्या आधी गेला. त्याचं नावसुद्धा नाही घ्यायला.

“डॉक्टर म्हणाले असते कावीळ,” मल्हारी खाली बघत म्हणाला.

“म्हणाले असते. तिथं डॉक्टर नव्हता आणि सटवाईबी नव्हती. आता डॉक्टर झाला. आता तिला बोलवू दे.”

तो डबा घेऊन कामावर गेला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, “आई, माझ्या गळ्याला फास लावू नको.”

मी सारिकाला पेज दिली, पोरीला तेल चोळलं, शेजारच्या मुलीला दुपारपर्यंत बसवलं आणि चपला घातल्या.

“कुठं निघालात, आत्या?” सारिकानं विचारलं. ती माझ्या चुलत नात्यातलीच, म्हणून आत्या म्हणते.

“भाजी आणते. बाळंतिणीला शेपू लागतो.”

ती म्हणाली, “हाडाची आणा. नुसती नको.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

जुन्या गल्लीत द्वारका राहते. आम्ही दोघी गिरणीत एका पट्ट्यावर शेंगा निवडायचो. मला बघून तिनं पाट सरकवला.

“आलीस का सुटून? जामीन कुणी दिला?”

“गप ए.”

“आगं, तुमच्याकडं म्हणं शिंक आली तरी कमिटीला इचारतात. खरं का?”

मी सांगितलं. ती हसायची थांबली. लगेच उठून कोपऱ्यावरनं मटण आणलं, वाटण वाटलं. चूल पेटवताना म्हणाली, “पोरीलाच हिकडं घेऊन ये की. हितं मांडू पाटा.”

“दवाखान्यातनं घरी आणलं की पाचवीपर्यंत उंबरा ओलांडत न्हाईत.”

“मग सटवाईला सांग, आमच्या गल्लीत जेव आणि तुमच्या कॉलनीत जाऊन लिव्ह.”

दोघी हसलो. पण पोर बाहेर काढता येत नव्हतं आणि पान आत नेता येत नव्हतं. गेटच्या एका अंगाला नियम, दुसऱ्या अंगाला रीत, आणि मी मधे.

द्वारकेनं हाडासकट पाच फोडी आणि थोडा रस्सा कडीच्या डब्यात घातला, झाकण फडक्यानं आवळलं, वर भाकरी ठेवली. मग शेपूच्या तीन जुड्या वरून कोंबल्या. “शेपूच्या वासापुढं यमबी मागं सरतो,” ती म्हणाली. “जा. आणि तोंड पाडून चालू नको. चोर तोंडावरनं वळखतात.”

गेटवर वॉचमन उठून उभा राहिला.

“आजी, पिशवी दाखवा.”

“आरं, शेपू हाय. दिसत न्हाई का?”

“दिसतोय. पण खालचं बघावं लागतं. मल्हाररावांनीच सांगितलंय, कुणालाही सोडायचं नाही. म्हणाले, माझी आई आली तरी बघायचं.”

त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला. “अरे, आजींची पिशवी काय बघतोस? लाज नाही वाटत?”

ढवळे साहेब. कॉलनीचे अध्यक्ष. रिटायर माणूस, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. माणूस वाईट नाही. सारिकाला कळा आल्या तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी काढली होती आणि दवाखान्याच्या बाकावर ते आमच्याबरोबर बसून राहिले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. स्वतः उचलून माझ्याबरोबर चालायला लागले. मला वाटलं, आता रस्त्यावरच बसावं.

“जड आहे हो. काय आणलंत एवढं?”

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं खरंच. “पाचवीचा नैवेद्य.”

“वा!” ते थांबले. पिशवी माझ्याकडे दिली, चपला काढल्या, उजवा हात पुढे केला. “मग आम्हाला प्रसाद द्या की थोडा.”

फरशी तापलेली होती. ते अनवाणी उभे होते. हात तसाच पुढे. आत डबा अजून गरम होता, माझ्या मांडीला चटका बसत होता.

“आधी सटवाईनं बघायचा असतो,” मी म्हटलं. “तोवर उष्टा करायचा न्हाई. आणि मग घरच्यांनीच खायचा. बाहेर देत न्हाईत.”

“बरोबर, बरोबर. रीत ती रीत.” त्यांनी पिशवीला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. “अशी माणसं आहेत म्हणून आपलं टिकलंय, आजी. संध्याकाळी आमची मंडळी येतील, चार बायका घेऊन. पाळणा म्हणतील.”

“कशाला तरास...”

“त्रास कसला? आपण एक घर आहोत.”

तिन्हीसांजेला मी सारिकाच्या खोलीत पाटा मांडला. वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून त्यावर आडवा निजवला, शेजारी दिवा. एक कोरा कागद आणि एक पेन ठेवलं. सटवाई त्या रात्री येऊन पोरीचं नशीब लिहिते. मी लहान असताना मला वाटायचं, आमच्या सगळ्या घराण्यात लिहिता येणारी बाई एकच, सटवाई. कागदाच्या पुढ्यात पान ठेवलं, भाकरी, पाच फोडी, वरून रुईचं पान झाकलं.

मल्हारी आला तो दारातच थबकला. त्यानं नाक वर केलं. मग धावत जाऊन एकेक खिडकी ओढून बंद केली. मधल्या खोलीची, स्वयंपाकघराची, मोरीची झडप.

“आई, तू आणलंसच.”

“आणलं.”

“काढ ते. आत्ता. बायका यायच्या आहेत. ढवळे साहेबांनी मला फोन करून सांगितलं. तुझं कौतुक करत होते.” त्याचा आवाज रडवेला झाला. “कौतुक करत होते, आई!”

“पान मांडल्यावर उचलत न्हाईत.”

त्यानं उदबत्तीचा पुडा फोडला आणि मूठभर उदबत्त्या पेटवल्या. दारात, कोपऱ्यात, बाजेच्या पायाशी. मग कापूर. बंद खोलीत धूर साचला. दिवा धुकट दिसायला लागला. पोरगी आधी शिंकली, मग खोकली. एवढासा जीव, खोकला कसा पेलवणार? लाल झाली.

“अहो, खिडकी उघडा,” सारिका म्हणाली.

“थांब जरा.”

“तिला श्वास घेता येत नाही!”

“पाच मिनिटं, सारिका! पाया पडतो.”

मी उदबत्त्या उपटून पाण्यात बुडवल्या. खिडकीच्या कडीला हात घातला, तोच दारात बांगड्या वाजल्या.

“येऊ का हो आजी?”

ढवळेबाई पुढे, मागे तिघी. हातात ओटीचं ताट. धूर बघून म्हणाल्या, “अगं बाई, केवढी धूपआरती!” मल्हारी दाराला पाठ लावून उभा राहिला, जणू तिथल्या भिंतीचाच भाग. बायका बसल्या. पाळणा म्हटला. चांगला म्हटला. पोर शांत झाली. मी झाकलेल्या पानाकडे बघायचं नाही म्हणून दिव्याकडे बघत होते, आणि दिवा त्या पानावरच उजेड पाडत होता.

तिघींतली एक धाकटी, नऊ नंबरची, मधेच म्हणाली, “कसला हो वास येतोय? वेगळाच.”

मल्हारीनं डोळे मिटले.

“शेपू,” ढवळेबाई म्हणाल्या. “बाळंतिणीचं घर आहे. तुला कुठलं कळायचं, तू अजून झालीस कुठं बाळंत?” बायका हसल्या. “चला, ओटी भरा आणि निघा. पोरीला झोपू द्या. मी आजींशी दोन शब्द बोलून येते.”

तिघी गेल्या. ढवळेबाईंनी दार लावलं. परत आल्या, पाट्यासमोर बसल्या आणि दोन बोटांनी रुईच्या पानाचं टोक उचललं. बघितलं.

“हाडासकट आहे ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“हाडाशिवाय चालत नाही. माझी सासू सांगायची, हाड नसलं तर पोराचा कणा धरत नाही.” त्यांनी पान परत नीट झाकलं, कडा दाबल्या. “कचऱ्यात टाकू नका. ती बाई हाड ओळखते. तुळशीत पुरा. वीतभर खोल.”

“तुळशीत?”

“दुसरी माती आहे कुठं इथं?”

“आवं पण तुळशीत... पाप लागंल.”

“माझी तुळस बघितलीत ना?”

कुणी बघितली नव्हती? ढवळ्यांच्या दारची तुळस कमरेएवढी, हिरवीगार, मंजिऱ्यांनी लवलेली. सगळ्या बायका विचारायच्या, काय घालता हो तुळशीला? त्या हात जोडून म्हणायच्या, देवाची कृपा.

“तीन नातवंडं झाली,” त्या म्हणाल्या. “तुळस कुणाला सांगत नाही.”

“आणि साहेब?” मल्हारीनं विचारलं.

“त्यांना वांगं दाखवलं. त्यांनी कॉलनीला सांगितलं. त्यांना ठाऊक नाही आणि होणारही नाही.” त्या उठल्या, गुडघा धरत. “मल्हारराव, रविवारच्या मीटिंगला कचऱ्याचा विषय आहे ना? घ्या तो. कडक घ्या.”

बाजेवरून सारिका उठून बसली. तिच्या तोंडावर उजेड आला होता. “काकू, म्हणजे तुमच्याकडंही... मग आपण बोलू की! तुम्ही, आम्ही. आणखी पण असतील. वर्षातनं एक दिवस, देवीपुरतं...”

ढवळेबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बंद झाला. दार लावावं तसा.

“काय बोलायचं?” त्या म्हणाल्या. “मी पाळणा म्हणायला आले होते.”

त्यांनी ओटीचं रिकामं ताट उचललं. जाता जाता खिडकीपाशी थांबल्या. मी मघाशी कडी सैल केली होती, तिथं बोटभर फट राहिली होती. त्यांनी ती ओढून घट्ट लावली.

“ही फट बुजवून घ्या. वास सरळ नऊ नंबरला जातो.”

त्या गेल्या. मग मल्हारी पाट्यासमोर येऊन मांडी घालून बसला. गेली सहा-सात वर्षं त्यानं या वस्तूला हात लावला नव्हता. त्यानं फोड उचलली, पाठ आमच्याकडे केली आणि खाल्ली. मी सारिकाला दिली, मी घेतली. हाडं मी फडक्यात बांधली. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले तेव्हा खुरपं पदराखाली होतं. मुळाशी माती उकरली, फडकं मोकळं केलं, हात जोडले. काय मागितलं ते आता सांगता येणार नाही. क्षमा मागितली असेल. समोर ढवळे साहेब सूर्याला पाणी देत होते. त्यांनी मला तुळशीपाशी वाकलेली बघितली आणि लांबूनच नमस्कार केला.

कोरा कागद कोराच होता. तो तसाच असतो, तिचं अक्षर आपल्याला दिसत नाही. तरी अक्षर शिकलेली मी, उजेडाला धरून बघितला.

रविवारी मल्हारीनं कचऱ्याचा विषय घेतला. कडक घेतला.

आमची पोर आता चौथीत आहे. अंगानं काटक, कणा ताठ. ती मला विचारते, “आजी, आपली तुळस एवढी कशी गं?” मी म्हणते, देवाची कृपा. सारिका तेव्हा स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते. ढवळेबाई आरतीला माझ्या शेजारी उभ्या राहतात, हळदीकुंकवाला बोलावतात, दुखलं-खुपलं विचारतात. त्या संध्याकाळचा एक शब्द आजवर आमच्यात निघाला नाही. जुनी गल्ली आता नाही, तिथं मोठी इमारत आली. द्वारका लेकीकडे गेली. घर माझ्या नावावर आहे.

तिन्हीसांजेला सगळ्या दारांत दिवे लागतात तेव्हा मी पायरीवर बसते. एका ओळीत तुळशी दिसतात. काही रोडावलेल्या, काही नुसत्या काड्या. काही मात्र अशा, की बघत राहावं. चार नंबरची. बाराची. नऊ नंबरची यंदा फार फुटली आहे. त्यांच्याकडे चैत्रात मुलगा झाला.

मी बघते, हात जोडते, आणि आत येऊन खिडकी लावून घेते.